नाकाने निवडलेलं तेल

आमच्या घरात तेल डोळ्यांनी कुणी पारखत नसे. अप्पा, म्हणजे माझे वडील, उदगीरला तेलगिरणी चालवायचे. त्यांच्या वडिलांचा बैलघाणा होता. करडीचं तेल समोर आलं की अप्पा तर्जनीवर एक थेंब घेत, अंगठ्याने तो चोळत, बोटं नाकाशी नेत आणि शेवटी जिभेच्या टोकाला लावत. तेवढ्यात बी जुनं होतं की नवं, पोत्यात ओल शिरली होती का, कुणी सरकीचं तेल मिसळलंय का, सगळं त्यांना कळायचं. लहानपणी मला वाटे की सगळ्यांचेच वडील असे बोटं हुंगत हिंडतात. एकदा मैत्रिणीच्या घरी जेवायला गेले असताना मी पानावर बसल्याबसल्या तेल खवट असल्याचं जाहीर केलं होतं. त्या घरचं बोलावणं पुन्हा आलं नाही.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. आमचं उदगीर उस्मानाबादेतून निघून लातुरात आलं होतं. दुकानांच्या पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून नवं रंगवायचं काम जोरात चाललं होतं. रंगाऱ्यांना उसंत नव्हती आणि शेतकऱ्यांना काम नव्हतं, कारण पाऊसच नव्हता. करडई आली नाही, भुईमूग आला नाही. गिरणीचा पट्टा उतरवून अप्पांनी तो नीट गुंडाळला, त्याला खडूची पूड लावली आणि फडताळावर ठेवला. मग दिवसभर ओट्यावर बसून ते लोकांच्या पाट्या रंगवणं बघत. अप्पांना बसून राहण्याची सवय नव्हती, आणि बसलेल्या अप्पांची आम्हाला नव्हती. घरात सगळ्यांची चिडचिड व्हायची.

अप्पांची थोरली बहीण, त्यांची आक्का आणि आमची आत्या, मुखेडच्या अंगाला डोंगरावरच्या एका वाडीत राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. एक गाय, तिची कालवड आणि खडकाळ जमिनीचा तुकडा एवढा तिचा संसार. त्या तुकड्याच्या बांधालाच तिच्या नवऱ्याची समाधी होती. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, आपल्याच मातीत बसवून पुरतात, आणि आत्या रोज दिवेलागणीला तिथे पणती ठेवायची. वाडीची विहीर आटली होती. सरकारी टँकर पायथ्यापर्यंत यायचा आणि तिथल्या विहिरीत पाणी ओतून जायचा. पुढचा रस्ता म्हणजे बैलगाडीने घासून केलेली खडकातली चाकोरी, त्यावर एवढं मोठं धूड चढणं शक्यच नव्हतं. वाडीतल्या लोकांनी ठरवलं होतं की आता निजामाबादकडे कामाला निघायचं. अप्पा आत्याला आणायला गेले आणि एकटेच परत आले. ती म्हणाली होती, "सगळे गेले तरी म्या न्हाई येणार. ह्यांना इथं सोडून कुठं येऊ?"

म्हणजे वाडी उठली तर आत्या त्या डोंगरावर पाण्यावाचून एकटी राहणार होती, आणि ती तसं करेल याबद्दल आमच्या घरात कुणालाही शंका नव्हती. हट्टीपणा आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध उतरलाय.

अप्पांनी चार दिवस विचार केला आणि नांदेडहून एक गाडी घेतली. लष्कराच्या लिलावातून कुणीतरी उचलून आणलेली जुनी पिकअप. पुढे दोन माणसांची जागा, मागे लोखंडी हौदा, आणि चारही चाकांना जोर. मूळचं पेट्रोलचं इंजिन काढून आधीच्या मालकाने त्यात डिझेलचं बसवलं होतं. हौद्यात पाण्याची टाकी बसवायची, पायथ्याच्या विहिरीवर भरायची आणि वाडीवर चढवायची, असा बेत होता. वाडीचं बघून आजूबाजूच्या वस्त्याही पाणी मागतील आणि गिरणी सुरू होईपर्यंत हाताला काम राहील, हेही अप्पांच्या मनात होतं. अव्वा, माझी आई, एवढंच म्हणाली की बहिणीसाठी माणूस गाडी घेतो हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

गाडी आणायला अप्पांबरोबर मी गेले. मी उदगीरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते आणि डब्यांवरचं इंग्रजी वाचायला मी लागेन, असं कारण सांगितलं गेलं. खरं कारण असं की मला घरी ठेवलं असतं तर परत आल्यावर मी प्रश्न विचारून अप्पांचा जीव खाल्ला असता. मला एकदा प्रश्न पडला की तो पोटात राहत नाही.

नांदेडला देगलूर नाक्याजवळ एका गॅरेजात गाडी उभी होती. मिस्त्री म्हणाला की ही किती वर्षं कुठे उभी होती ते कुणालाच ठाऊक नाही, डोंगरावर न्यायची तर आतली सगळी तेलं काढून नवी भरा. अप्पा म्हणाले, सगळी म्हणजे? गाडीत तेल एकच ना, इंजिनाचं? तेव्हा मिस्त्रीने आम्हाला अक्षरशः गाडीखाली झोपवलं. अप्पा धोतर आवरून, मी ओढणी कमरेला बांधून. गाडीच्या पोटाखालून वर बघताना मला फार मजा वाटली. इंजिनाखाली एक बूच, गिअरच्या पेटीला एक, तिच्या मागे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी आणखी एक छोटी पेटी, तिला तिसरं. आणि पुढच्या व मागच्या आसाच्या मधोमध एकेक लोखंडी गोळा, आत दातेरी चाकं असलेला, आणि त्यांची आपापली बुचं. शिवाय ब्रेकचं तेल निराळंच.

"एवढी तोंडं?" अप्पा म्हणाले.

"आन्‌ परत्येकाची चव येगळी, मालक," मिस्त्री म्हणाला.

हे वाक्य अप्पांना एकदम पटलं. इतका वेळ ते गाडीकडे परकी वस्तू म्हणून बघत होते. आता त्यांचं नाक जागं झालं. एकेक बूच निघालं, खाली घमेल्यात तेल पडू लागलं, आणि अप्पा प्रत्येकात बोट बुडवून ते चोळून बघू लागले. इंजिनाचं तेल काळंकुट्ट आणि पातळ. ते म्हणाले, जळलंय. गिअरच्या पेटीतलं मधासारखं. म्हणाले, म्हातारं झालंय पण जातीचं आहे. मी माझ्या झोळीतल्या छोट्या काचेच्या बाटल्यांत प्रत्येकाचा नमुना भरून घेत होते. कशाला, ते मलाही माहीत नव्हतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेऊन बघावं असं काहीतरी डोक्यात होतं. मिस्त्री आमच्या दोघांकडे बघून हसत होता. अशी गिऱ्हाइकं त्याच्याकडे आली नसावीत.

पुढच्या आसाच्या गोळ्याचं बूच गंजून घट्ट बसलं होतं, ते मिस्त्रीने तसंच सोडलं. मग मागच्या आसाचा गोळा उघडला, आणि असा दर्प आला की मी तोंडावर ओढणी धरली. सडकी अंडी, जळका लसूण आणि पेटवलेल्या काडीचा धूर, सगळं एका जागी. अप्पांनी बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि मान झटकली. "नासलंय," ते म्हणाले, आणि बराच वेळ ते बोट अंगापासून लांब धरून बसले.

तेलाचं दुकान गॅरेजला लागूनच होतं. तिथे अप्पांनी जे काही केलं ते बघण्यासारखं होतं. दुकानदाराने आधी डबे पुढे ठेवून नावं सांगायला सुरुवात केली. अप्पांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि सुटं तेल दाखवा म्हणाले. इंजिनासाठी त्याने दोन प्रकार काढले, एक पातळ आणि एक दाट. अप्पांनी दोन्ही दोन बोटांवर घेतले आणि दुकानाबाहेर उन्हात जाऊन उभे राहिले. बोटं तापली तशी पातळ तेलाची ओघळ मनगटाकडे निघाली, दाट तेल होतं तिथेच राहिलं. "आपल्याकडच्या उन्हाला हे," ते म्हणाले. दुकानदार म्हणाला, बरोबर, मराठवाड्यात डिझेलला सगळे चाळीस नंबरच नेतात. डब्यावर खरोखरच चाळीस लिहिलं होतं. माझी छाती फुगली. ब्रेकच्या बाटलीपाशी अप्पा अडले. एवढीशी बाटली वेगळी कशाला, यातलंच घालू, म्हणाले. तेव्हा दुकानदाराने गल्ल्याखालून दोन रबरी वॉशर काढून दाखवले. एक नेहमीचा होता आणि दुसरा कुणीतरी साधं तेल घातल्याने फुगून भजं झालेला. अप्पांनी तो फुगलेला वॉशर दाबून पाहिला, परत परत पाहिला, आणि बाटली घेतली. पुराव्यापुढे त्यांची तक्रार नसे.

शेवटी मागच्या आसाचं तेल. दुकानदाराने झाकण उघडलं आणि तोच दर्प पुन्हा सगळ्या दुकानात पसरला. नवा कोरा डबा, आणि वास गॅरेजातल्या घमेल्यातला.

"हेही नासलंय," अप्पा म्हणाले.

"न्हाई मालक. ह्ये असंच येतंय. कंपनीतून वास घिऊनच येतंय."

"का?"

दुकानदाराला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. त्याने डबा फिरवून बघितला, मला वाचायला दिला. त्यावर गुणगान होतं, वासाचं कारण नव्हतं. तो म्हणाला, सगळे हेच टाकतात. अप्पा म्हणाले, सगळे टाकतात म्हणून मी टाकावं हे काही कारण झालं नाही. चांगलं तेल कधी घाण वासाचं असतं का? वास मारतं ते एकतर खवट असतं नाहीतर त्यात भेसळ असते. भेसळ म्हटल्यावर त्यांच्या मनात आणखी एक शंका आली आणि त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, यात जनावराची चरबी तर नाही? दुकानदार प्रामाणिक होता. म्हणाला, देवाला ठाऊक.

तिथेच ते तेल बाद झालं. अप्पा रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करत. त्या हाताला चरबी लागली असेल, आणि वरून हा दर्प, तर लिंग हातावर कसं घ्यायचं? गॅरेजात बुडवलेलं बोट त्यांनी मिस्त्रीच्या घरच्या राखेने, लिंबाने, शिकेकाईने घासलं होतं तरी वास जागेवर होता. मलाही तो वास अंगावर घेऊन उदगीरला जायचं नव्हतं, त्यामुळे त्या दिवशी पहिल्यांदाच मी गप्प राहिले. अप्पांनी दुसरं तेल निवडलं. तेवढंच दाट, सोनेरी, काचेसारखं नितळ आणि वास म्हणाल तर काहीच नाही. बोटांवर चोळलं तर रेशीम. दुकानदार म्हणाला की हे दुसऱ्या कामाचं आहे, अप्पा म्हणाले की तेलातलं मला कळतं. मिस्त्रीने एकदा विचारलं, मग खांदे उडवून तेच भरलं. गाडी ज्याची त्याची मर्जी.

पहिल्यांदा वाडीवर चढलो तो दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी एक. पायथ्याला टाकी भरली, अप्पांनी छोट्या पेटीचा दांडा ओढून चारही चाकांना जोर दिला आणि गाडी खडकांवरून गोगलगाय चढावी तशी, न थांबता, वर गेली. मध्येच रेडिएटर तापला. त्यासाठी वेगळ्या डब्यात पाणी घेतलं होतं. ते ओतताना अप्पांचा हात आखडला, कारण वर माणसं तहानलेली होती आणि आम्ही लोखंडाला पाजत होतो. वाडीच्या तोंडाशी सगळी माणसं कळश्या, घागरी, पत्र्याचे डबे घेऊन उभी होती. आत्याने आधी गायीला पाजलं, मग माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि गाडीच्या बॉनेटला हळदीकुंकू लावलं. निजामाबादची बोलणी त्या दिवशी थांबली. ज्यांनी बोचकी बांधली होती त्यांनी ती सोडली नाहीत, पण निघाले नाहीत.

मग रोजची फेरी सुरू झाली. कॉलेजला सुट्टी होती, मी अप्पांबरोबर जायचे आणि आत्याकडे भाकरी खाऊन परत यायचे. थोड्याच दिवसांत गाडीच्या मागच्या बाजूने एक आवाज येऊ लागला. आधी कुणी मंद स्वरात गुणगुणावं तसा. मी म्हणाले, अप्पा, काहीतरी गातंय. ते म्हणाले, टायर असेल. पुढच्या फेऱ्यांत गुणगुणण्याचं रडणं झालं, आणि चढावर तर ऊर बडवून रडावं तसं. ज्या माणसाच्या गिरणीत पट्ट्याची कुरकुरसुद्धा कधी ऐकू आली नाही, त्याला हे फार लागलं. गावातून जाताना ते मान खाली घालून गाडी चालवत. एके दिवशी पायथ्याला उतरल्यावर मी मागच्या गोळ्यावर पाण्याचा शिंतोडा उडवला. तव्यावर उडवल्यासारखा तो चर्र झाला आणि उडून गेला.  अप्पांनी तिथेच बूच सैल करून माझ्या बाटलीत थोडं तेल काढलं. आमचं ते नितळ सोनेरी तेल बाहेर आलं ते राखाडी होऊन, आणि उन्हात त्यात बारीक चांदीचा वर्ख चमकत होता. गोळ्यातल्या चाकांचे दात झिजून तेलात उतरले होते.

गाडी कशीबशी उदगीरला आणली आणि फेऱ्या बंद पडल्या. वाडीवर पाणी जाईना. अप्पा ओट्यावर बसले, पण या वेळी समोरच्या पाट्यांकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

त्या दिवसांत मी माझ्या बाटल्या बाहेर काढल्या. नांदेडला घमेल्यातून भरलेलं मागच्या आसाचं जुनं तेल, आणि आमचं आताचं. दोन्ही उन्हात धरून बघितल्या, हलवून बघितल्या. जुनं तेल काळं होतं, वर्षानुवर्षांचं होतं, घाण वासाचं होतं, आणि त्यात वर्खाचा एक कण नव्हता. मी अप्पांसमोर दोन्ही बाटल्या ठेवल्या आणि विचारलं की नासक्या तेलात दात इतकी वर्षं शाबूत राहिले आणि चांगल्या तेलात इतक्यात झिजले, हे कसं?  नाक न मुरडता अप्पांनी जुन्या तेलाचं झाकण उघडलं, हे मी पाहिलं.

मला सुचला तो प्रयोग साधाच होता. वास गंधकाचा आहे हे मला केव्हाच कळायला हवं होतं. गंधक म्हटलं की तांबं काळं पडतं. मी तांब्याच्या तारेचे दोन तुकडे चिंचेने घासून लख्ख केले, एक या बाटलीत सोडला, एक त्या, आणि दोन्ही बाटल्या चुलीच्या उबेला ठेवल्या. संध्याकाळी बाहेर काढल्या. आमच्या तेलातली तार होती तशी लाल. दुसरी काजळी धरल्यासारखी काळी. अप्पांनी ती काळी तार नखाने खरवडली. रंग निघेना.

ते उठून गिरणीत गेले. मीही मागोमाग गेले. बंद यंत्रापुढे उभं राहून त्यांनी बी दाबणाऱ्या स्क्रूवर हात ठेवला. मग हळूहळू, स्वतःलाच समजावून सांगावं तसे म्हणाले, "आयुष्यभर मी दाबून तेल काढत आलो. दाबलं की तेल पळतं, हे माझ्याहून कुणाला जास्त ठाऊक? त्या दातांत मी तेच तेल घातलं. दात दाबणार, तेल पळणार, लोखंडावर लोखंड. ते वासाचं तेल पळालं तरी मागं काहीतरी सोडून जातं. धातूला चावून बसतं, ह्या तारेवर बसलंय तसं. त्याचा वासच कामाचा हाय, पोरी. अन्‌ म्या तोच नको म्हटला."

मला इतका आनंद झाला होता की त्याच क्षणी त्यांना काय वाटत असेल याचा विचारच मनात आला नाही. मी विचारत सुटले, मग गिअरच्या पेटीत हे का नाही? आत पितळेचं काही असेल का, तांब्यासारखं तेही काळं पडेल म्हणून? अप्पा म्हणाले, असेल. मग बारीक आवाजात म्हणाले, आक्काचं काय होईल ते आधी बघू.

दुसऱ्या दिवशी आम्ही नांदेडला गेलो, गाडी रस्ताभर रडत. दुकानदाराने अप्पांना येताना पाहिलं आणि काही न विचारता वासाचा डबा फळीवर ठेवला. त्याने एक शब्द ऐकवला असता तरी चाललं असतं, पण नाही ऐकवला; तो माणूस मला त्यासाठी आजही आवडतो. मिस्त्रीने गोळा उघडला. दातांवर ओरखडे होते, पण एकही तुटला नव्हता. नवे दात मागवायचे तर लष्करी गाडीचे मिळणार कधी आणि कुठून, याचा पत्ता नाही. वासाचं तेल घालून चालवून बघा, म्हणाला. झीज थांबेल, पण गेलेलं परत येणार नाही, आवाज आता जन्माचा. आणि विनाकारण पळवू नका, जेवढं नेमकं काम तेवढंच चालवा.

अप्पांनी स्वतः भरलं. कोपरापर्यंत हात बरबटले. त्या रात्री मिस्त्रीच्याच पडवीत मुक्काम केला, आणि सकाळी अप्पा त्याच हाताने पूजेला बसले. मी चोरून बघत होते. तळहात नाकाशी नेऊन त्यांनी क्षणभर डोळे मिटले, आणि मग नेहमीसारखं लिंग हातावर घेतलं. मला त्यांचा फार अभिमान वाटला. मी ते कधी त्यांना सांगितलं नाही, कारण आमच्याकडे असं सांगत नाहीत.

पायथ्याच्या विहिरीवर टाकी भरताना तिथल्या माणसाने सांगितलं की वाडी थोड्या वेळापूर्वीच उठली. वाट बघून बघून लोक पलीकडच्या उताराने, देगलूरच्या गाडीला निघाले. म्हातारी? त्याने वर बोट दाखवलं.

अप्पा त्या चढावर इतके सावकाश कधीच गेले नव्हते. गाडी टाहो फोडत होती. प्रत्येक खडकावर मला वाटे, आता तो दात तुटणार, आणि मी सीटची कड घट्ट धरून बसले होते. अप्पांचा एक कान मागे होता, ओठ मिटलेले. रेडिएटरला पाणी घालायला थांबलो तेव्हा त्यांनी खाली वाकून गोळ्याला हात लावला. हात तसाच टेकवून ठेवला, भाजला नाही. मला त्यांनी नुसती मान हलवून दाखवली.

वर वाडी रिकामी होती. दारांना कड्या, अंगणात उलट्या घातलेल्या चुली. एक कुत्रं गाडीकडे बघून उठलं आणि पुन्हा बसलं. आत्या तिच्या शेतात, समाधीपाशी गायीची दोरी धरून उभी होती. अप्पांनी गाडी तिच्यापर्यंत नेऊन बंद केली. एकदम सगळं शांत झालं. ते खाली उतरले आणि काहीतरी सांगू लागले, तेलाचं, वासाचं, की मीच चुकलो आक्का, तुम्हाला तहानलेलं ठेवलं. आत्याचं तिकडे लक्ष नव्हतं. ती पलीकडच्या उताराकडे बघत होती.

"बंद कशाला केलास?" ती म्हणाली. "चालू ठिव. ते अजून खालच्या नाल्यालाच हायत, लेकरं हायत संगं, लई लांब न्हाई गेले. आवाज त्यांच्यापातुर गेला तर परत येतील."

अप्पांनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, पण ते नुसतंच धडधडलं. रडण्याचा आवाज गाडी उभी असताना येत नसे. चाकं फिरली आणि त्यांच्यावर जोर आला तरच ते दात ओरडायचे. अप्पा माझ्याकडे बघू लागले. आम्हा दोघांच्याही मनात मिस्त्रीचं बोलणं आलं असणार, विनाकारण पळवू नका. भरल्या टाकीनिशी दात तुटला असता तर ती गाडी त्या डोंगरावरून परत खाली आली नसती.

त्यांनी गिअर टाकला. समाधीला वळसा घालून गाडी त्या नापीक तुकड्याच्या वरच्या कडेला नेली, जिथून पलीकडचा उतार सुरू होतो, आणि तिथे चढावर घेतली. आवाज निघाला. मग खाली वळवून पुन्हा चढावर. मी धुळीत उभी राहून बघत होते. ज्या आवाजापायी माझे वडील गावातून मान खाली घालून जात, तोच आवाज ते आता मुद्दाम काढत होते. खिडकीतून मान बाहेर काढून, कान देऊन, कमी झाला की पुन्हा जोर देऊन. गाडीतलं पाणी हिंदकळत होतं. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी हसूही, आणि त्यातही डोक्यात हा प्रश्न होताच की एवढा आवाज नाल्यापर्यंत पोहोचत असेल का. आत्या गायीची दोरी सोडून कडेला गेली.

किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. आत्याने हात वर केला आणि अप्पांनी गाडी थांबवली. उताराच्या पायवाटेवर आधी एक बाई दिसली, मग तिच्या मागे दोघं, मग आणखी. सगळ्यांत पुढच्या बाईच्या कडेवर लेकरू होतं आणि डोक्यावर बोचकं. ती वर आली, धापा टाकत उभी राहिली.  आत्याने पुढे होऊन त्या बाईच्या डोक्यावरचं बोचकं उतरवून घेतलं.